शेवटच्या गोळीला नेमकं काय होतं?

अथेन्स ऑलिंपिक, २२ ऑगस्ट २००४. पुरुषांच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सची, म्हणजे गुडघ्यावर बसून (निलिंग), पालथं झोपून (प्रोन) आणि उभं राहून (स्टँडिंग) नेम धरायच्या स्पर्धेची फायनल. अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स नऊ गोळ्या झाडून तीन गुणांनी पुढे होता. नेमबाजीत तीन गुण म्हणजे भरपूर. शेवटच्या गोळीला ७.२ मिळाले असते तरी सुवर्ण त्याचंच होतं, आणि या दर्जाच्या माणसाकडून ७.२ ची अपेक्षा करणं हा खरं तर त्याचा अपमान. एमन्सने नेम धरला, ट्रिगर ओढला, आणि त्याच्या स्क्रीनवर काहीच उमटलं नाही. गोळी शेजारच्या लेनच्या टार्गेटवर जाऊन बसली होती. तिथे तिचे गुण दिसले ८.१. स्वतःच्या टार्गेटवर हेच मिळाले असते तर सुवर्णपदक गळ्यात पडलं असतं. पण दुसऱ्याच्या टार्गेटवरची गोळी शून्य धरतात. एमन्स पहिल्यावरून थेट आठव्या क्रमांकावर गेला, आणि फायनलमध्ये खेळाडू असतातच आठ.

चार वर्षांनी बीजिंग, तीच स्पर्धा. शेवटच्या गोळीआधी आघाडी ३.३ गुणांची, सुवर्णासाठी हवे होते ६.७, मिळाले ४.४. चौथा क्रमांक. आणखी चार वर्षांनी लंडन. तिथे रौप्य हाताशी होतं, शेवटची गोळी ७.६ वर गेली आणि कांस्य मिळालं.

यावर जगभर ‘शेवटच्या गोळीचा शाप’ असं लिहून आलं. मला ते पटत नाही. शाप म्हटलं की विषय संपतो आणि समजून घेण्यासारखं जे आहे ते तसंच राहतं. शिवाय हाच एमन्स अथेन्समध्ये दोन दिवस आधी ५० मीटर प्रोनचं सुवर्ण जिंकला होता, तेही उसन्या रायफलवर, कारण त्याच्या स्वतःच्या रायफलची कुणीतरी आधीच मोडतोड करून ठेवली होती. हा माणूस दडपणाला घाबरणारा नव्हता. मग त्या शेवटच्या गोळ्यांना झालं काय?

अथेन्सबद्दल त्याने नंतर जे सांगितलं ते फार मोलाचं आहे. एरवी नेम धरताना तो आधी टार्गेटवरचा लेन क्रमांक बघायचा आणि तिथून खाली येत मधल्या काळ्या वर्तुळावर स्थिरावायचा. त्या गोळीला तो स्वतःला शांत करण्यात गुंतला होता, म्हणून आकडा बघायचा राहिला. शांत व्हायच्या नादात तो नेहमीचं एक साधं काम विसरला. दडपणाबद्दल आपल्याला जे शहाणपण दिलं जातं, ‘शांत राहा, टेन्शन घेऊ नकोस’, त्यातली अडचण या एका गोळीत सापडते.

शरीर त्याचं काम करतंच

दडपण आलं की शरीराला एकच गोष्ट ठाऊक असते: पळायची किंवा झुंजायची तयारी. मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रिनलिन सोडतात. छाती धडधडते, श्वास वरच्यावर होतो, तळहात घामेजतात, तोंडाला कोरड पडते. पोटाकडचं रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून पोटात गोळा येतो. बोटं बारीक थरथरतात. कुस्तीगिराला किंवा धावपटूला यातलं बरंच कामी येतं. नेमबाजाला, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला, व्हायोलिन वाजवणाऱ्याला मात्र ही सगळी तयारी अडचणीचीच.

किती अडचणीची, ते आकड्यांत बघू. ५० मीटर रायफलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, एक सेंटिमीटरच्या जरासं वर. बरोबर मध्यावर गोळी बसली तर १०.९. तिथून प्रत्येक ८ मिलिमीटरला एक गुण कमी होतो. म्हणजे एमन्सची लंडनमधली ७.६ ची गोळी मध्यापासून फार तर अडीच-पावणेतीन सेंटिमीटर बाजूला होती. ५० मीटरवर एवढा फरक पडायला रायफलचं तोंड अर्धा मिलिमीटर हललं तरी पुरतं. तेवढं तर हृदयाच्या एका ठोक्यानेही हलू शकतं. सरावलेले नेमबाज दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात ट्रिगर ओढतात असं काही अभ्यासांत दिसलंय. तेही ठरवून नाही, वर्षानुवर्षांच्या सरावाने आपोआप.

म्हणूनच हृदयाची गती उतरवणारी बीटा ब्लॉकर गटातली औषधं नेमबाजीत उत्तेजक द्रव्यांच्या यादीत येतात. उत्तेजक म्हणायचं आणि काम उलटं! बीजिंगला उत्तर कोरियाच्या किम जोंग सू या पिस्तूल नेमबाजाच्या चाचणीत प्रोप्रॅनोलॉल सापडलं आणि त्याचं एक रौप्य आणि एक कांस्य अशी दोन पदकं काढून घेतली गेली.

थोडं दडपण हवंच, फार नको, आणि मधे कुठेतरी उत्तम कामगिरीची जागा असते, हा आलेख तुम्ही कुठल्या ना कुठल्या व्याख्यानात पाहिला असेल. तो यर्क्स आणि डॉडसन यांच्या १९०८ च्या प्रयोगाच्या नावावर खपवला जातो. तो प्रयोग उंदरांवरचा होता आणि विजेचे झटके देऊन केलेला होता. त्यातून माणसाच्या मुलाखतीबद्दल किंवा फायनलबद्दल थेट काही सिद्ध होत नाही. ढोबळमानाने कल्पना ठीक आहे, पण तिच्यावर फार भार टाकू नये.

लक्ष जातं कुठे?

पण छाती कितीही धडधडली तरी तेवढ्याने गोळी शेजारच्या टार्गेटवर जात नाही. तिथे बिघडतं ते लक्ष. मानसशास्त्रज्ञांनी याच्या दोन मुख्य वाटा दाखवल्या आहेत.

पहिली वाट बाहेरची. स्कोअर काय झाला, शेजारचा काय मारतोय, घरचे टीव्हीसमोर बसले असतील, हरलो तर काय तोंड दाखवायचं. आपल्या मेंदूत एकाच वेळी हाताळता येईल अशी माहिती थोडीच मावते, आणि काळजीही तीच जागा खाते. गणितं सोडवणाऱ्यांवर सायन बाइलॉक यांनी केलेल्या प्रयोगांत एक चमत्कारिक गोष्ट पुढे आली. दडपण टाकल्यावर जास्त घसरले ते ज्यांची ही जागा मोठी होती ते, म्हणजे एरवी जास्त हुशार ठरणारे. ते एरवी ज्या जोरावर पुढे असतात तोच जोर काळजीने खाऊन टाकला. वर्गातल्या पहिल्या नंबराच्या मुलीचा पेपर अवघड गेला की घरचे म्हणतात, ‘अगं, तुला तर येतं सगळं!’ येतं, म्हणूनच.

दुसरी वाट आतली. बँकेत कारकून म्हणतो, ‘सही जुळत नाहीये, पुन्हा करा.’ आयुष्यभर न बघता केलेली सही आपण पहिल्यांदा नीट बघून करतो आणि ती नक्की वाकडी येते. हात जे स्वतःहून करत होता त्यावर आपण देखरेख करायला बसलो की त्याचे तुकडे पडतात. रॉय बाउमाइस्टर यांनी १९८४ मध्ये हे प्रयोगाने दाखवलं. पुढे गोल्फवरच्या प्रयोगांत आणखी गंमत दिसली. नवशिक्याने स्वतःच्या हाताकडे लक्ष दिलं तर त्याचा खेळ सुधारतो; मुरलेल्याने दिलं तर बिघडतो. म्हणून ‘नीट लक्ष देऊन कर’ हा सल्ला शिकाऊ पोराला लाख मोलाचा आणि तोच राष्ट्रीय खेळाडूला फायनलच्या तोंडावर घातक.

एमन्सच्या अथेन्सच्या गोळीत मला तिसरंच काही दिसतं. त्याचं लक्ष गर्दीत नव्हतं आणि हाताच्या हालचालीतही नव्हतं. ते होतं स्वतःच्या मनःस्थितीवर. मी शांत आहे का, अजून नाही, आता झालो का. डॅनियल वेग्नर यांनी याचं कारण सांगितलंय. एखादी गोष्ट मनातून हटवायची ठरवली की ती गेली का हे तपासायला मनाचा एक भाग पहारा देत बसतो, आणि पहारा द्यायचा म्हणजे ती गोष्ट समोर ठेवावी लागतेच. ‘पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका’ असं सांगितलेल्या लोकांच्या मनात अस्वलच घोळत राहिलं, तो प्रयोग त्यांचाच. मन मोकळं असेल तर हे जमून जातं. दडपणाखाली मात्र हटवणारा भाग थकतो आणि पहारेकरी तेवढा जागा राहतो.

तेव्हा शांत होणं हे काम म्हणून हातात घेतलं की ते मूळ कामाच्या वाटेत येतं. या लेखात मला सांगायचंय ते एवढंच, पुढचं सगळं त्याच्याच अनुषंगाने आहे.

रेंजवर काय करतात

एखाद्या नेमबाजाला स्टँडिंगमध्ये शॉट घेताना जवळून बघा. अंगात कॅनव्हास-चामड्याचं ताठ जाकीट, पायात सपाट तळाचे बूट. उजव्या हाताचा असेल तर डावी कंबर टार्गेटकडे काढलेली, डावं कोपर कंबरेच्या हाडावर टेकवलेलं, म्हणजे रायफलचं वजन दंडाने न पेलता हाडांवरून खाली जमिनीत जातं. गाल रायफलच्या दस्त्यावर, म्हणजे स्टॉकवर, दर वेळी त्याच जागी. मग एक-दोन श्वास, अर्धा सोडून थांबायचं. मागच्या साइटच्या, म्हणजे नेम धरायच्या चकतीच्या, भोकातून पुढची रिंग, आणि रिंगमध्ये काळं वर्तुळ. ते डोलत असतं, ऑलिंपिक विजेत्याचंही. बोट ट्रिगरचा पहिला टप्पा ओढून थांबतं. नजर मध्यावर स्थिर. इथे कॅनडाच्या जोन विकर्स यांचा शोध आठवतो: कृती करण्याआधीची शेवटची स्थिर नजर मुरलेल्या खेळाडूंची जास्त लांब असते, आणि दडपणाखाली ती आखडते. मग शॉट सुटतो. सुटल्यावरही क्षणभर रायफल हलवायची नाही, तसंच बघत राहायचं.

हा सगळा क्रम प्रत्येकाचा ठरलेला असतो आणि तो हजारो वेळा घोटलेला असतो. त्यातला बराचसा सराव गोळीशिवाय चालतो. त्याला ड्राय प्रॅक्टिस म्हणतात. घरी भिंतीवर ठिपका लावूनही करतात. बाहेरच्याला तो कंटाळवाणा वाटतो. पण दडपणाच्या क्षणी मनाला ‘शांत हो’ हे काम देण्यापेक्षा ‘गाल टेकव, श्वास सोड, आकडा बघ’ हे काम देता येतं, ते याच कंटाळ्याच्या जोरावर. छोटं, ठरलेलं, करता येण्यासारखं काम. छाती धडधडत असली तरी गाल टेकवता येतो.

या क्रमात एक गोष्ट अशी आहे जी टीव्हीवर दिसते पण कुणी तिचं कौतुक करत नाही. नेम धरलेला खेळाडू काही सेकंदांनी शॉट न घेताच रायफल खाली घेतो. बसत नव्हतं, म्हणून सोडून दिलं. पुन्हा पहिल्यापासून. फायनलमध्ये एका शॉटला मिनिटभरसुद्धा नसतं, घड्याळ उलटं पळतंय, आणि तरी गन खाली घेणं ही माझ्या मते या खेळातली सगळ्यात अवघड कृती आहे. दडपणाखाली माणसाला गोष्ट उरकून टाकायची घाई असते. अवघडलेपण संपावं म्हणून तो गोळी झाडून मोकळा होतो. क्रिकेटमधला निर्धाव षटकांनंतरचा आडवा फटका याच जातीचा, आणि मुलाखतीत प्रश्न पुरता संपायच्या आत सुरू केलेलं उत्तरही.

बीजिंगची ४.४ वेगळी होती. या रायफलींचे ट्रिगर इतके हलके ठेवतात की बोट जरा टेकलं तरी सुटावेत. एमन्स वरून खाली मध्याकडे येत होता, बोट ट्रिगरला लागलं आणि गोळी वेळेआधीच सुटली. म्हणजे अथेन्सची चूक होती आकडा न बघण्याची, बीजिंगची बोटाची. दोन्ही चुका शेवटच्या गोळीला झाल्या एवढंच त्यांच्यात साम्य. एकीवरचा उपाय दुसरीला लागू पडत नाही. ‘त्याला शेवटची गोळी जमत नाही’ असं म्हणणाऱ्याच्या हातात उपाय काहीच राहत नाही.

चुकीतून शिकायचं, पण कधी?

चूक झाल्याचं मेंदूला फार लवकर कळतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मन आणि अमेरिकन संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखवलं की चुकीचं बटण दाबल्यावर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आतच मेंदूच्या पुढच्या-मधल्या भागात एक विद्युत लाट उमटते. आपण ‘अरेरे’ म्हणायच्या कितीतरी आधी. ही पहिली लाट आपल्या हातात नसते. त्यानंतर जरा वेळाने आणखी एक लाट येते, चुकीकडे जाणीवपूर्वक लक्ष गेल्याची. मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या २०११ च्या एका अभ्यासात, क्षमता प्रयत्नाने वाढते असं मानणाऱ्यांची ही दुसरी लाट मोठी होती आणि चुकीनंतरचं त्यांचं उत्तर जास्त वेळा बरोबर आलं. क्षमता ठरलेलीच असते असं मानणारे चुकीवरून नजर वळवत होते.

मग चुकीकडे बघायचं की नाही? एकीकडे सगळे सांगतात ‘झालं गेलं विसर, पुढच्या शॉटवर लक्ष दे’, दुसरीकडे ‘चुकांमधून शिक’. दोन्ही एकदम कसं करायचं? नेमबाजांनी यावर वेळा वाटून दिल्या आहेत, आणि मला ती वाटणी फार शहाणी वाटते.

शॉट सुटल्या सुटल्या, स्क्रीनकडे बघण्याआधी, नेमबाज मनातल्या मनात शॉट ‘कॉल’ करतो: नऊ पॉइंट आठ, उजवीकडे जरा खाली. मग स्क्रीन बघतो. कॉल जुळला आणि गुण कमी असले तर बिघाड आपल्या हातात, तो कुठे झाला तेही ठाऊक आहे. कॉल जुळला नाही, म्हणजे वाटलं दहा आणि गेली नऊला, तर कदाचित वारा फिरलाय, साइट हलली आहे किंवा शरीराची बैठक सरकली आहे. पाच सेकंदांत मिळणारी ही माहिती पुढच्या शॉटला लगेच उपयोगी पडते. साइटला एक-दोन क्लिक द्यायचे, पाय जरा सरकवायचा, बस. असं का झालं, माझ्यातच काही खोट आहे का, मागच्या वर्षीही असंच झालं होतं ना, या प्रश्नांना रेंजवर जागा नसते.

ती जागा डायरीत. बहुतेक गंभीर नेमबाज डायरी ठेवतात. त्यात नुसता स्कोअर लिहून भागत नाही. झोप कशी झाली, काय खाल्लं, कोणत्या पोझिशनला अंग कुठे ताणलं, कुठल्या शॉटला मन कुठे होतं. चांगले शॉट कसे गेले तेही लिहायचं, हे मात्र बरेच जण विसरतात. फक्त चुकांची वही भरत राहिली की ती उघडायचीच भीती बसते.

सामना चालू असताना फक्त पुढच्या शॉटला लागेल तेवढंच शिकायचं, बाकीचं संध्याकाळी. मात्र संध्याकाळी ते खरंच करायचं. ‘विसरून जा’ म्हणत ते संध्याकाळीही टाळलं तर पुढच्या स्पर्धेत तीच चूक वेगळे कपडे घालून येते.

आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेचंच बघा. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आला आणि मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागला. २०२२ च्या कैरोच्या जागतिक स्पर्धेत त्याने भारताला ऑलिंपिकचा कोटा, म्हणजे प्रवेशाची जागा, मिळवून दिला, पण पदक हुकलं, चौथा आला. २०२३ मध्ये हांगझोच्या एशियाडमध्ये सांघिक सुवर्ण मिळालं. वैयक्तिक फायनलमध्ये बराच वेळ तो आघाडीवर होता, मग स्टँडिंगमध्ये एक शॉट ७.६ गेला आणि पुन्हा चौथा. हाच आकडा आपण एमन्सच्या लंडनच्या गोळीत पाहिला. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत सुवर्ण गेलं, आणि वर्षभरात ऑलिंपिक.

१ ऑगस्ट २०२४, पॅरिस. कुसाळे फायनलमध्ये आला होता सातव्या क्रमांकाने. निलिंगनंतर सहावा, प्रोननंतर पाचवा, आणि ज्या स्टँडिंगने आधी दगा दिला त्यातच तो तिसऱ्यावर चढला. ४४ गोळ्यांत ४५१.४ गुण, कांस्यपदक. या प्रकारातलं भारताचं हे पहिलंच ऑलिंपिक पदक. नंतर तो जे बोलला ते मला पदकाइतकंच महत्त्वाचं वाटतं. सकाळी पोटात गोळा आलेला, काही खाल्लं नव्हतं, काळा चहा तेवढा पिऊन तो रेंजवर आला होता. हृदयाचे ठोके खूप वाढलेले होते. स्कोअरबोर्डकडे बघितलं नाही, श्वासावर लक्ष ठेवलं आणि नेहमीपेक्षा वेगळं काही करायला गेला नाही. म्हणजे ऑलिंपिक पदक जिंकताना हा माणूस शांत नव्हताच! त्याने धडधड थांबायची वाट पाहिली नाही. धडधडत्या छातीनेच तो ठरलेला क्रम पाळत राहिला. त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या. दडपण काय असतं हे त्यांना कुणाकडून ऐकायची गरज नव्हती.

दडपणाचाही सराव लागतो

घरच्या रेंजवर ठरलेला क्रम सगळ्यांनाच जमतो. तो धडधडत्या छातीने जमायला हवा असेल तर सरावातही छाती धडधडायला हवी. अभिनव बिंद्राने बीजिंगआधी यासाठी काय काय केलं ते ऐकून हसू येतं आणि मग येत नाही. फायनलची रेंज प्रचंड मोठी असणार म्हणून त्याने चंदिगडला लग्नाचा हॉल भाड्याने घेऊन तिथे तसा माहोल उभा केला आणि सराव केला. जर्मनीत तर तो कमांडोंच्या सरावातला उंच खांब चढला. वर जाताना पायऱ्या लहान होत जातात आणि टोकाला उभं राहायला ताटाएवढी फळी. निम्म्यात भीतीने अंग कापत असतानाही तो वर पोचला. खांब चढल्याने नेम सुधारत नाही. शरीर कापत असतानाही पुढचं पाऊल टाकता येतं, एवढा अनुभव मात्र अंगात मुरतो.

एवढं टोकाला जायची आपल्याला गरज नाही. दहावी-बारावीच्या मुलाने घड्याळ लावून, अनोळखी खोलीत, उठायची मुभा न घेता तीन तासांचा पेपर सोडवला तरी तोच हेतू साधतो. एमपीएससीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्याने मित्रांऐवजी तुसड्या माणसांसमोर बसावं. पाठांतर झोपाळ्यावर बसून केलं असेल तर परीक्षा झोपाळ्यावर होणार नाही, हे आपण विसरतो.

परीक्षेच्या दाराशी करता येण्याजोग्या दोन गोष्टी संशोधनात पुढे आल्या आहेत. एक, पेपर सुरू होण्याआधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर लिहून काढायची. बाइलॉक आणि जेरार्डो रामिरेझ यांच्या २०११ च्या अभ्यासात, ज्या मुलांना परीक्षेची जास्त धास्ती होती त्यांना याचा फायदा झाला. दाबून ठेवण्यापेक्षा मांडून ठेवलेली काळजी कमी जागा खाते असं दिसतं. दुसरी गोष्ट हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांची, २०१४ ची. गाणं म्हणायच्या किंवा भाषण करायच्या आधी काहींनी ‘मी शांत आहे’ म्हटलं, काहींनी ‘मला मजा येतेय, उत्साह आलाय’ म्हटलं. दुसऱ्यांची कामगिरी सरस झाली. कारण उघड आहे: धडधड दोन्हींत सारखीच असते, तिला नुसतं नाव बदलून देता येतं; धडधडीतून थेट शांततेवर उडी मारणं मात्र शरीराला जमत नाही. तेव्हा केंद्राबाहेर उभ्या असलेल्या आई-बाबांनी आणि मावश्यांनी ‘टेन्शन घेऊ नकोस’ हे वाक्य या वर्षी आवरतं घेतलं तरी मोठी मदत होईल. त्याऐवजी ‘हॉल तिकीट घेतलंस ना?’ विचारावं. निदान त्याला करण्याजोगं उत्तर तरी आहे.

आणि चूक आपली नसेल तर?

चुकांमधून शिकण्याच्या सगळ्या उपदेशात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की चूक आपली होती. बिंद्रा २००४ च्या अथेन्सला पात्रता फेरीत तिसरा होता. फायनलमध्ये तो घसरून सातवा आला. आपण मनाने कमी पडलो हा समज त्याला फार जड गेला. पुढे त्याला कळलं की त्याच्या लेनमध्ये पायाखालची फरशी सैल होती. जिथे अर्धा मिलिमीटर हललं की पदक जातं तिथे हलती फरशी म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

यात दोन बाजूंनी पाय घसरू शकतो. प्रत्येक अपयशाला सैल फरशी शोधणारे आपल्या ओळखीत भरपूर असतात: पेपर फुटला होता, पंच त्यांचा होता, साहेबाचा माझ्यावर राग. पण उलट्या बाजूचं नुकसान कमी बोललं जातं. फरशी खरंच सैल होती आणि आपण वर्षभर स्वतःचं मन दुरुस्त करत बसलो, तर जे चांगलं चाललं होतं तेही मोडून ठेवण्याचा धोका असतो. आधी कॉल, मग स्क्रीन, ही रेंजवरची सवय इथेच उपयोगी पडते. मला काय जाणवलं आणि प्रत्यक्षात काय झालं हे वेगवेगळं नोंदलेलं असेल, तर कुठली चूक माझी आणि कुठली फरशीची हे निदान तपासता येतं.

चार वर्षांनी बीजिंगच्या फायनलआधी, नेम जुळवायच्या गोळ्या झाडताना, बिंद्राची पहिलीच गोळी चारवर गेली. दहा मीटर एअर रायफलमध्ये या दर्जाच्या माणसाची गोळी चारवर जात नाही. हात बिघडला, मन बिघडलं, आज दिवस वाईट आहे, असं काहीही मनात येऊ शकलं असतं. बिंद्राने साइट तपासली. ती आपल्या जागी नव्हती. उरलेल्या मोजक्या मिनिटांत त्याने ती क्लिक क्लिक करत जुळवून घेतली आणि फायनल सुरू केली. पहिली गोळी १०.७. आठवी जेमतेम १०.०, नववी १०.२, आणि तोवर फिनलंडचा हेन्री हाक्किनेन बरोबरीला आला होता. दहावीला हाक्किनेनने ९.७ मारले, बिंद्राने १०.८.